डब्ल्यू की व्ही

डिस्क तळहाताएवढी आहे. काळी, २ टीबीची. वायर जोडली की तिच्या पोटात बारीक घरघर सुरू होते, निळा दिवा लुकलुकतो आणि पडद्यावर चौकट येते : पासवर्ड टाका. त्याखाली ‘हिंट’. तिच्यावर बोट ठेवलं की मीच मला लिहून ठेवलेला निरोप दिसतो. निरोप एका शब्दाचा आहे : ‘नेहमीचाच’.

हे लिहिणारा माणूस भेटला तर त्याला दोन शब्द सुनवायचे आहेत.

गोष्ट २०१७ सालची. पुण्याचा भाचा सुट्टीत सावद्याला आला होता. पाहुण्याला केळीच्या बागेतून फिरवून आणायचं आणि भरीत-पुरी खाऊ घालायची, एवढाच पाहुणचार आम्हाला ठाऊक. त्याची परतफेड म्हणून त्याने माझा लॅपटॉप सुधारायला घेतला. “मामा, ही डिस्क चोरीला गेली तर? एन्क्रिप्ट करून टाका.” आता सावद्यात कोणी चोरलीच, तर चोराच्या हाती काय लागणार? सात-बाराचे उतारे, ठिबकची बिलं, नवती किती कापली आणि पिलबाग किती याचे हिशेब, कोणत्या व्यापाऱ्याकडे किती थकले ती यादी, मुलीच्या बारशाचे फोटो. चोराने ती यादी नेऊन वसुली केली असती तर मी त्याला टक्केवारी दिली असती. पण ‘एन्क्रिप्ट’ हा शब्द कानाला भारदस्त लागला. होऊन जाऊ दे म्हटलं.

यादीतली एक वस्तू सांगायची राहिली. आईच्या जात्यावरच्या ओव्या, दोन तास. एका हिवाळ्यात मीच रेकॉर्डर समोर ठेवून घेतल्या होत्या. त्या डिस्कवर चढवल्या आणि रेकॉर्डरमधून पुसून टाकल्या. सुरक्षिततेसाठी.

मग मी शेवटचा शहाणपणा केला. ‘या संगणकावर पासवर्ड विचारू नये’ अशी एक सोय होती, तिथे खूण केली. लॅपटॉपला पासवर्ड पाठ झाला, मी निर्धास्तपणे विसरलो. पुढे लॅपटॉप वारला. जाताना सांगून गेला नाही.

भुसावळच्या दुरुस्तीवाल्या पोराने डिस्क कानाला लावली. आवाज ऐकून खूश झाला. “काका, ही ठणठणीत आहे. बिघडलेली असती तर काहीतरी केलं असतं.” आजारी नसलेल्या माणसावर डॉक्टरने हात टेकावेत, तसा प्रकार. त्याने समजावलं तेही शांतपणे. आतलं सगळं एका किल्लीने असं कालवून ठेवलंय की किल्लीशिवाय ते नुसते अर्थहीन आकडे. ती किल्ली २५६ बिटांची. तशा किल्ल्या किती होऊ शकतात हे लिहायचं तर ७८ आकडी संख्या होते. ती किल्ली पासवर्डच्या आड ठेवलेली. त्यामुळे किल्लीच्या वाटेला जाऊ नका, पासवर्डच आठवा. “नाहीतर फॉरमॅट मारून देतो, डिस्क नव्यासारखी होईल.” कोरी डिस्क घेऊन मी काय करू? आईला परत कुठून आणू?

माझ्याहून मोठी माणसंही इथे अडकली आहेत, तेवढाच दिलासा. सॅन फ्रान्सिस्कोत राहणारा स्टेफान थॉमस नावाचा प्रोग्रामर. त्याची ७,००२ बिटकॉइन अशाच एका कुलूपबंद ड्राइव्हमध्ये अडकली. पासवर्डचा कागद हरवला. दहा प्रयत्न मिळतात, नंतर ड्राइव्ह कायमचा बंद. जानेवारी २०२१ मध्ये जगाला ही बातमी कळली तेव्हा त्याचे आठ प्रयत्न संपले होते आणि आतल्या मालाची किंमत सुमारे २२ कोटी डॉलर होती. मी ही हकीकत घरात सांगितली. बायको म्हणाली, “त्याला निदान काय गेलं ते मोजता येतं.”

आणखी एका माणसाचं नाव घ्यायला हवं : बिल बर. अमेरिकेत मानकं ठरवणारी जी सरकारी संस्था आहे, तिथे असताना २००३ साली त्यांनी पासवर्ड कसा असावा याचे नियम लिहिले. मोठं अक्षर हवं, आकडा हवा, चिन्ह हवं, आणि ठरावीक मुदतीने तो बदलायला हवा. सगळ्या जगाने ते शिरसावंद्य मानले. २०१७ साली, निवृत्तीनंतर, त्यांनी सांगितलं की आपण लिहिलं त्यातल्या बऱ्याचशा गोष्टींचा आता पश्चात्ताप होतो. ज्या वर्षी त्यांना पश्चात्ताप झाला, नेमक्या त्याच वर्षी मी त्यांचं ऐकलं.

आता ‘नेहमीचाच’ म्हणजे काय, तर गावाचं नाव, कुठलं तरी साल आणि शेवटी चिन्ह. एवढं मला पक्कं ठाऊक आहे, कारण माझं सगळीकडे तेच असतं. आमची ओळख केळी, पण ‘केळी’ घेता येत नाही. ‘ळ’ला रोमन लिपीत घर नाही, आणि आमच्या लेवा बोलीत ती घरात ‘केयी’ असते नि शाळेत ‘केळी’. म्हणून गावाचं नाव. गाव काय कोणी विसरतं?

गाव नाही विसरलो हो. पण ‘सावदा’ रोमनमध्ये लिहून बघा. ‘सा’चा काना एका ‘ए’चा की दोन ‘ए’चा? ‘व’ म्हणजे व्ही की डब्ल्यू? ‘व’च्या पुढे ‘ए’ घालायचा, की बोलताना गिळतो तसा लिहितानाही गिळायचा? शेवटच्या ‘दा’ला पुन्हा एक की दोन? झाले सोळा सावदे. पहिलं अक्षर मोठं की लहान, बत्तीस. चिन्हं मी आयुष्यात चारच वापरली, म्हणून १२८. साल म्हणावं तर जन्म, दहावी, लग्न, मुलगी, ट्रॅक्टर, विहिरीला पाणी लागलं ते साल, असं ताणून दहा. म्हणजे १,२८० पासवर्ड. आमची डिस्क थॉमसच्या ड्राइव्हपेक्षा मायाळू आहे. पाच वेळा चुकलं की रुसते, वायर काढून पुन्हा लावली की आणखी पाच संधी देते. १,२८० भागिले पाच, बैठका २५६. कुलूपही २५६ चंच. हिशेब जुळला की माणसाला उगाच आशा वाटते.

मुलीने वहीत तक्ता आखून दिला. सुरुवात कुठून, यावर वाद झाला. ती म्हणाली, स्टेशनच्या पाटीवर व्ही आहे, तिथून करा. मी म्हणालो, वडिलांच्या पासबुकावर डब्ल्यू होता. घर माझं असल्यामुळे डब्ल्यू आधी.

तसं गुपित सांभाळणं आमच्या गावाला नवं नाही. इथल्या गुरांच्या बाजारात मी लहानपणापासून बघतोय. दलाल आणि गिऱ्हाईक समोरासमोर उभे, हातावर उपरणं टाकलेलं, त्याखाली बोटं धरून भाव चाललेला. बोटं मोजायची, ती शेकड्याची की हजाराची ते दोघांनाच ठाऊक. चेहऱ्यावर रेष हलत नाही. शेजारी उभ्या माणसाला म्हैस दिसते, भाव दिसत नाही. पण उपरण्याखाली हात दोघांचे असतात. माझ्या डिस्कवर टाकलेल्या उपरण्याखाली दोन्ही हात माझेच निघाले.

शेवटी चिनावलच्या आत्याकडे गेलो. ऐंशी ओलांडलेली. सगळं ऐकून घेतलं, डिस्क हातात घेऊन उलटीपालटी केली आणि म्हणाली, “अरे बाबू, जात्याचा खुटा आम्ही दोघीनं धरेल व्हता. मले ईचारलं असतं त?”

मला हे सुचलंच नव्हतं. जळगावजवळच्या आसोद्यात जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी मुलाने, सोपानदेवांनी, आणि सोपानदेवांच्या मावसभावाने कागदावर उतरवून घेतली. १९५१ साली बहिणाबाई गेल्या, मग तो कागद आचार्य अत्र्यांनी पाहिला आणि १९५२ साली पुस्तक निघालं. हे मी शाळेत मुलांना वर्षानुवर्षं सांगत आलो. स्वतःच्या आईच्या वेळेला मात्र रेकॉर्डर लावून मोकळा झालो.

आत्याने त्या दुपारी अकरा ओव्या म्हटल्या. मी दोनशे पानी वहीत लिहून घेतल्या, तिच्याच बोलीत, ‘ळ’चा ‘य’ ठेवून. बारावीला ती अडली. पहिला चरण आला, पुढचं येईना. “तो तुझी माय म्हने,” एवढं बोलून चहा टाकायला उठली. वही फडताळात असते, कोणीही उघडावी.

डिस्कच्या बैठका मात्र चालू आहेत. रोज रात्री जेवणं झाली की एक. काल १२८वी झाली आणि डब्ल्यू संपला. आज रात्रीपासून व्ही.