आधी गुणपत्रक दाखवा

पनवेलमध्ये कबड्डीचा वाद पेटायला मैदान लागत नाही. एसटी स्टँड पुरतो, हळदीचा मांडवही पुरतो. प्रश्न ठरलेला: सगळ्यात भारी चढाईपटू कोण? पोरं मोबाइल काढून आकडा वाचतात. जुनी माणसं एक नाव घेतात आणि छाती पुढे काढतात.

आकड्यासमोर नाव हरतं. हा निकाल साफ चुकीचा आहे.

प्रदीप नरवालचे प्रो कबड्डीतले चढाई गुण 1801. त्यातले 369 एकट्या 2017 च्या हंगामातले. डुबकी मारून निसटणाऱ्या या खेळाडूचं मोठेपण ज्याला दिसत नाही, त्याने कबड्डी पाहिलेलीच नाही. पण '1801, म्हणजे इतिहासातला सर्वश्रेष्ठ' म्हणणाऱ्यांनी एवढंच सांगावं: इतिहास 26 जुलै 2014 ला सुरू झाला का?

त्या दिवशी प्रो कबड्डी सुरू झाली. कबड्डी नव्हे.

बरं, लीगपुरतं बोलू. 2014 च्या पहिल्या हंगामात चढाई गुणांत अव्वल होता अनुप कुमार. गुण 155. तीनच वर्षांनी प्रदीपचे 369. तीन वर्षांत चढाई दुपटीहून जास्त सुधारली? नाही. 2017 मध्ये संघ आठाचे बारा झाले आणि सामने वाढले. अनुप खेळला 16 सामने, प्रदीप 26. भागाकार करा: एकाचे सामन्यामागे दहाच्या आत-बाहेर, दुसऱ्याचे चौदा.

फरक उरतोच. पण दुपटीचा दीडपट होतो.

आता 2019 घ्या. पवन सेहरावतचे त्या हंगामात 346 चढाई गुण. प्रदीपच्या 369 पेक्षा कमी. सरासरी काढली की मात्र पवन किंचित पुढे. बेरजेत एक मोठा, भागाकारात दुसरा. वाद घालणाऱ्या किती जणांनी हा भागाकार केलाय?

पाचवीचं गणित आहे. तेवढाही धीर नाही.

आणि नियमांचं काय? आज बोनस रेषा ओलांडली की गुण मिळतो, समोर सहा किंवा जास्त बचावपटू असले की झालं. लीगमध्ये दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरी 'करा किंवा मरा'. चढाई 30 सेकंदांची, घड्याळ सगळ्यांना दिसतं. पायाखाली मॅट. हे सगळं गुण वाढवणारं आहे, आणि खेळासाठी ते चांगलंच झालं.

पण जुन्या माणसाला या मापाने मोजायचं कसं?

एके काळी महाराष्ट्रात संजीवनी, गामिनी आणि अमर अशा तीन पद्धतींनी खेळ चाले. संजीवनीत बाद झालेला गडी परत उठे. गामिनीत अख्खा संघ बाद होईपर्यंत तो बाहेरच बसे. अमरमध्ये कोणी बाहेर जातच नसे. म्हणजे पहिल्याच मिनिटाला पकड झालेला उत्तम चढाईपटू गामिनीत बसून राहणार आणि अमरमध्ये मैदान गाजवणार. माणूस तोच, दम तोच.

गुण वेगळे. दोष कोणाचा?

सदानंद शेट्ये हे कबड्डीतले पहिले अर्जुन पुरस्कारविजेते, 1972 चे. शांताराम जाधवांना तो 1980 मध्ये मिळाला, अशोक शिंदेंना 1994 मध्ये. 1990 ला बीजिंगमध्ये कबड्डी पहिल्यांदा पदकाचा खेळ म्हणून आशियाई खेळांत आली आणि भारताने सुवर्ण जिंकलं, तेव्हा संघात अशोक शिंदे होते, राजू भावसार होते. या मंडळींनी कारकिर्दीत चढाईत किती गुण आणले?

विचारा कोणालाही. नाव मिळेल, किस्सा मिळेल, आकडा मिळणार नाही.

कारण आपण तो कधी जपलाच नाही. कबड्डीची जुनी बातमी काढून वाचा. वर संघाचा गुणफलक, मध्यंतराची आघाडी, आणि शेवटी एक ओळ: विजयी संघाकडून अमुकने खोलवर चढाया केल्या, तमुकने सुरेख पकडी घेतल्या. खोलवर म्हणजे किती? सुरेख म्हणजे किती? ते लिहिणाऱ्याने सांगितलं नाही, वाचणाऱ्यानेही विचारलं नाही.

विशेषणं छापली. गुण गेले.

क्रिकेटवाल्यांकडे बघा. डिसेंबर 1948, पुणे. भाऊसाहेब निंबाळकर काठियावाडविरुद्ध नाबाद 443 वर होते. ब्रॅडमनच्या 452 च्या विक्रमाशी बरोबरी करायला नऊ धावा हव्या होत्या. प्रतिस्पर्ध्यांनी सामनाच सोडून दिला. निंबाळकरांना कसोटी एकदाही मिळाली नाही. तरी पाऊणशे वर्षांनंतरही 443 हा आकडा शाबूत आहे.

प्रतिस्पर्ध्यांनी मैदान सोडलं. गुणलेखकाने वही सोडली नाही.

उलट बाजूला हॉकी. खडकीचा धनराज पिल्ले. चार ऑलिंपिक, चार विश्वचषक, 339 आंतरराष्ट्रीय सामने. गोल किती? 'सुमारे 170 च्या वर.' आघाडीच्या फळीत खेळलेल्या, देशाचं नेतृत्व केलेल्या खेळाडूच्या गोलांपुढे 'सुमारे' लावावं लागतं, कारण त्या काळच्या महासंघाने अधिकृत नोंदच ठेवली नाही.

गोल धनराजने केले. मोजायचं काम ज्यांचं होतं, त्यांनी केलं नाही.

आकडे असले तरी काम संपत नाही, हे सोव्हिएत आइस हॉकीने दाखवलं. तिथल्या वहीत सगळं होतं: व्हॅलेरी खारलामोव्हचे सोव्हिएत लीगमधल्या 438 सामन्यांत 293 गोल. पश्चिमेकडचे शंकेखोर म्हणत, ठीक आहे, पण गोल कोणासमोर केले? शंका अगदीच पोकळ नव्हती. देशातले उत्तमोत्तम खेळाडू लष्कराच्या एकाच क्लबात गोळा होत आणि 1977 ते 1989 सलग तेरा वेळा तोच क्लब विजेता ठरला.

मग 1989 मध्ये त्याच क्लबाचा सर्गेई मकारोव्ह कॅनडातल्या कॅल्गरीला गेला. वय 31. पहिल्याच हंगामात 24 गोल आणि 62 गोलांना साहाय्य. तिथल्या लीगचा सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार त्यालाच मिळाला. त्यानंतर लीगने नियमच बदलला: नवोदिताचं वय 26 च्या आत हवं.

शंका खेळाडूवर होती. दुरुस्त करावं लागलं पुरस्काराला.

आपल्या मातीवरच्या चढाईपटूंना असा कॅल्गरी कधी मिळाला? ज्यांची उमेदीची वर्षं 2014 च्या आधी सरली, त्यांना मॅट नाही, कॅमेरा नाही, लिलाव नाही. ते लीगमध्ये चालले असते की नाही, हे छातीठोक सांगणारे दोन्ही बाजूंना आहेत. पुरावा एकाकडेही नाही.

बायकांच्या कबड्डीचं तर विचारूच नका. नाही, विचाराच. अभिलाषा म्हात्रे 2012 च्या विश्वविजेत्या भारतीय संघात होती, 2015 चा अर्जुन पुरस्कार तिला मिळाला. प्रो कबड्डीवाल्यांनी 2016 मध्ये महिलांसाठी तीन संघांची छोटी स्पर्धा घेतली. पुढच्या वर्षी ती झाली नाही. पुरुषांची लीग 2025 मध्ये बाराव्या हंगामाला पोहोचली.

तक्त्यात नाव नाही म्हणजे खेळ नव्हता, असं मानणार आहात?

आता रायगडकडे या. पनवेल, उरण, अलिबाग, पेण इथल्या आगरी-कोळी गावांनी हा खेळ पिढ्यान्‌पिढ्या वाढवला. रात्रीचे सामने, दिव्यांचे खांब, मैदानाभोवती तुडुंब गर्दी. उत्कृष्ट चढाईला बक्षीस, उत्कृष्ट पकडीला बक्षीस, वर 'पब्लिक हिरो'. बक्षिसं माइकवरून पुकारतात. पण तो हिरो कोणत्या सामन्यात किती चढाया करून किती गुण घेऊन गेला?

ट्रॉफी कपाटात असते. गुणपत्रक स्पर्धेसोबत संपतं.

आणि वेळ फार नाही. पनवेल तालुक्यात विमानतळ झाला आणि त्यासाठी गावंच्या गावं हलली. जिथे भातशेती होती तिथे टॉवर आले. गाव हललं की मैदान जातं, मैदान गेलं की संघ पांगतो. त्या मैदानावर 1970 किंवा 1980 साली कोणी काय केलं, हे माहीत असलेली माणसं आज सत्तरी-ऐंशीत आहेत.

त्यांना कधी विचारणार? श्रद्धांजलीच्या फलकावर?

दरवर्षी 15 जुलैला कबड्डीमहर्षी बुवा साळवींच्या जयंतीला कबड्डी दिन साजरा होतो. सत्कार होतात, भाषणं होतात. त्याच दिवशी प्रत्येक तालुक्याने वर्षभराची गुणपत्रकं एकत्र करून जाहीर करावीत. चढाया किती, यशस्वी किती, कोऱ्या किती, पकडी किती. जुनी कात्रणं, जुन्या वह्या, घरोघरचे फोटो गोळा करावेत. याला स्टेडियम लागत नाही, निधी लागत नाही. एक वही, एक पेन आणि चाळीस मिनिटं मान वर करून सामना बघणारा एक माणूस पुरे.

ज्या गावाला 'पब्लिक हिरो'साठी प्रायोजक सापडतो, त्याला गुणलेखक सापडत नाही?

पोरांनो, प्रदीपचा अभिमान जरूर बाळगा. जुन्या जाणत्यांनो, तुमच्या नावावर खुशाल अडून बसा. वाद घालाच, त्यानेच खेळ जिवंत राहतो. फक्त यापुढे 'सर्वश्रेष्ठ' म्हणण्याआधी तीन गोष्टी सांगायच्या: सामने किती, नियम कोणते, लिहून कोणी ठेवलं.

तिसऱ्याचं उत्तर येत नसेल, तर वाद थांबवा आणि लिहायला बसा.