नोटरी वाचतो, तुम्ही ऐका

जर्मनीत ‘गेएमबेहा’ म्हणजे आपली प्रायव्हेट लिमिटेड काढायची, तर आधी नोटरीसमोर बसायचं. करारनामा तुम्ही पाठ केलेला असला तरी तो पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत मोठ्यानं वाचून दाखवलाच पाहिजे, असा कायदाच आहे. सत्यनारायणाच्या पोथीसारखं, फक्त इथे प्रसाद नाही, बिल मिळतं. जर्मन कळत नसेल तर दुभाषाही आणा, म्हणजे तेच दोनदा ऐकायचं पुण्य पदरात. 2022 पासून हे ऑनलाइनही करता येतं. म्हणजे आता व्हिडिओ कॉलवरही वाचतात.

भांडवल 25,000 युरो. त्यातले निदान निम्मे नोंदणीआधी हवेत. एवढे नसतील तर 1 युरोतही धाकटी कंपनी काढता येते. नोटरीची फी मात्र धाकटी नसते, त्यामुळे कंपनी जन्मतःच कर्जबाजारी.

अखेर व्यापार-नोंदवहीत नाव झळकतं आणि पत्रं येऊ लागतात. व्यापार-उद्योग मंडळाचं, ज्याचं सदस्यत्व सक्तीचं. करखात्याचं. आणि सरकारी वाटावी अशा मोहरेची, ‘नोंदणी शुल्क त्वरित भरा’ म्हणणारी भामट्यांची बिलं. त्यांची तत्परता बघता सरकारनं नोंदणीचं काम यांच्याकडेच सोपवावं. ग्राहकाचं पत्र? येईल हो.