मोडीत शून्य!

"भाऊजी, कळलं का? कोपऱ्यावरच्या बंगल्यात परवा साखरपुडा झाला. अमेरिकेतला जावई, आणि बोटात काय, तर राखाडी वळं! मला वाटलं चांदी काळी पडली. तर म्हणे टंगस्टन!"

"टंगस्टन कार्बाइड असणार, वहिनी. माझी उभी नोकरी त्याच्याच जिवावर झाली."

"अगंबाई! भोसरीच्या कारखान्यात तुम्ही अंगठ्या करत होता?"

"अंगठ्या कुठल्या! लेथवर पोलाद कापायचो. नखाएवढी कार्बाइडची चौकोनी टिप, मधे भोक, वर सोनेरी मुलामा. एक कोपरा बोथट झाला की स्क्रू सैल करायचा, टिप फिरवायची, नवा कोपरा पुढे. सगळे कोपरे संपले की टिप डब्यात. भंगारवाला लोखंडाच्या कितीतरी पट भाव द्यायचा, म्हणून डब्याला कुलूप. एकदा कुलपासकट डबाच गेला!"

"कोणी नेला?"

"ते आजवर कळलं नाही, पण स्टोअरकीपरने त्याच महिन्यात स्कूटर घेतली."

"हं! पण एवढं काय असतं त्यात?"

"टंगस्टनची पूड कार्बनबरोबर तापवली की कार्बाइड होतं. त्यात थोडा कोबाल्ट घालून साच्यात दाबायचं आणि 1400 अंशांच्या आसपास भट्टीत भाजायचं. 1923 च्या सुमारास जर्मनीत ही युक्ती निघाली. बल्बची टंगस्टनची तार ओढायला तेव्हा हिऱ्याच्या डाय लागायच्या. त्या परवडेनात, म्हणून हे शोधलं."

"जुन्या पिवळ्या बल्बातली तार?"

"तीच. ती वितळायला 3400 अंशांहून जास्त उष्णता लागते. दुसरा कुठलाही धातू तिथवर टिकत नाही. आणि गेल्या उन्हाळ्यात तुमच्याकडे बोअर मारली ना, त्या बिटावरची गोल बटणंही कार्बाइडचीच."

"मग अंगठी चांगलीच म्हणायची. जन्मात झिजायची नाही."

"झिजायची नाही, ओरखडाही सहजी उठायचा नाही, हिऱ्यासारख्या फार कठीण वस्तूने घासली तरच. पण कडक तेवढीच ठिसूळ. फरशीवर जोरात आपटली तर तडकू शकते. बोट जाड झालं तर सोनाराला ती वाढवताही येत नाही."

"आणि बोट सुजलं तर? आमच्या नणंदेची अंगठी डॉक्टरांनी कापून काढली होती."

"सोन्याची होती म्हणून कापली गेली. ही कापत नाहीत, पकडीत धरून हळूहळू दाब देतात आणि फोडतात. तुकडे होतात, बोट सुटतं. घेताना एवढंच विचारायचं, आत कोबाल्ट आहे की निकेल? कोबाल्टवर घामाचा परिणाम होतो, म्हणून दागिन्यात बहुधा निकेल घालतात. पण निकेलही काहींच्या कातडीला चालत नाही."

"ते जाऊ द्या, मोडीत किती येईल?"

"शून्य! सोनार हातही लावणार नाही."

"बघा! आणि विहीणबाई सांगत फिरतायत, सोन्याइतकी जड आहे म्हणून."

"सोन्याइतका जड असतो तो शुद्ध टंगस्टन. सोनं पाण्याच्या 19.3 पट जड, टंगस्टन 19.25 पट. कार्बाइड जेमतेम साडेपंधराच्या आसपास, म्हणजे 18 कॅरेटच्या सोन्याएवढं. त्या शुद्ध टंगस्टनचाच भामटे फायदा घेतात. 2012 मध्ये न्यूयॉर्कला सोन्याच्या विटेत टंगस्टन भरलेलं सापडलं होतं. वजन बरोबर, आकार बरोबर, वरून अस्सल सोनं!"

"अरे देवा! मग ओळखायचं कसं?"

"नुसत्या तराजूने नाही. वीट भोक पाडून बघावी लागते, नाहीतर अल्ट्रासाउंडने तपासावी लागते. सोन्यातून आणि टंगस्टनमधून आवाज वेगवेगळ्या वेगाने जातो."

"म्हणजे जावयाने फसवलं नाही तर?"

"छे हो! कार्बाइड म्हणून घेतलं, कार्बाइडच घातलं. हौसेला उत्तम आहे. पण वहिनी, अडीअडचणीला गहाण टाकायचं असेल तर सोनंच घ्या, आणि तेही हॉलमार्क बघून, पक्क्या पावतीवर."