मासा टाकीच्या मापानेच वाढतो म्हणणाऱ्या शेठना

श्री. मत्स्यविक्रेते शेठ यांस,



तुमच्या दुकानाचं नाव लिहीत नाही. एकाचं लिहिलं तर बाकीचे उगाच सुटतील, कारण तुमचं ते सुप्रसिद्ध वाक्य गल्लोगल्लीच्या काउंटरवर ऐकू येतं. माझ्या बहिणीलाही तुम्ही तेच ऐकवलंत : "ताई, मासा टाकीच्या मापानेच वाढतो. बाउल छोटा तर मासा छोटा. टेन्शनच नाही!" मग दोन गोल्डफिश, एक गोल बाउल, रंगीत खडे आणि लाल दाण्यांची डबी तिच्या हाती देऊन तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाला वास्तूसाठी आठ सोनेरी आणि एक काळा मासा दाखवायला मोकळे झालात.

एवढा मोठा शोध लावून तुम्ही गल्ल्यावरच बसून राहिलात, याचं वाईट वाटतं. तुमचा सिद्धांत बिल्डरांना कळला तर कल्याणच. वन आरकेत राहणाऱ्यांची मुलं आपोआप साडेतीन फुटांवर थांबतील, आणि वाढत्या कुटुंबाला टू बीएचके लागतो ही कटकट संपेल.

शेठ, गोल्डफिश थांबतो तो समजूतदारपणाने नव्हे. बाउलमध्ये जेमतेम चार लिटर पाणी. मासा कल्ल्यांतून सतत अमोनिया सोडतो. मोठ्या टाकीत फिल्टरमधले जिवाणू त्याचं आधी नायट्राइट आणि मग बऱ्याच कमी घातक अशा नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. ही जिवाणूंची वसाहत बसायलाच महिना-दीड महिना लागतो. बाउलला फिल्टर नाही, म्हणजे वसाहत बसायला पुरेशी जागाही नाही. त्यातून तुमचा सल्ला काय, तर आठवड्याला सगळं पाणी ओतून खडे खसाखसा धुवा! म्हणजे जे चार जिवाणू तग धरून होते, तेही मोरीत. वरून नळाचं क्लोरीनवालं पाणी. त्यावरची ॲन्टी-क्लोरीनची छोटी बाटली तुमच्याच फळीवर असते, पण ती गिऱ्हाइकाने मागितली तरच खाली येते. मुंबईच्या एप्रिलात बाउलमधलं पाणी तिशी ओलांडतं, त्यात प्राणवायू कमी मावतो, आणि आपला हा मासा मुळात थंड पाण्यातला. असा कायम ताणाखाली असलेला मासा वाढीवर खर्च करत नाही. त्याच्या अंगात कॉर्टिसॉल चढलेलं राहतं, वाढीच्या संप्रेरकाचं काम मंदावतं, आणि आहे ती ताकद जिवंत राहण्यात जाते. तुम्ही ज्याला माप म्हणता, तो आजार आहे.

न्यायासाठी हेही लिहितो की तुमच्या विरोधकांचीही एक लाडकी गोष्ट आहे : म्हणे बाहेरून मासा खुजा राहतो, पण आतले अवयव वाढतच राहतात आणि शेवटी तो आतून फुटतो. ऐकायला भीषण, पण तिला धड पुरावा नाही. तुम्हाला दोषी ठरवायला तिची गरजही नाही.

मग असा खुरटलेला मासा सुधारतो का? हा प्रश्न बहिणीने तुम्हालाच विचारला होता आणि तुम्ही "गोल्डफिशचं आयुष्यच तेवढं" म्हणून मोकळे झालात. 1956 साली इंग्लंडमधल्या एका जत्रेत बक्षीस म्हणून मिळालेला टिश नावाचा गोल्डफिश 1999 मध्ये, 43 वर्षांचा होऊन मेला. तुमच्याकडून खरेदी झाली नाही, हे त्याचं नशीब.

सुधारतो, शेठ. पण किती, ते वयावर आणि बिघाडावर आहे. मासे आयुष्यभर थोडेथोडे वाढत राहतात; पहिल्या एक-दोन वर्षांत जोरात, मग हळू. आंध्रातले मत्स्यशेतकरी तर रोहू-कटल्याची बोटुकली मुद्दाम दाटीत, बेताच्या खाद्यावर कित्येक महिने खुजी ठेवतात. पुढे मोठ्या तळ्यात सोडून पोटभर खायला घातलं की ती मागची कसर भरून काढत झपाट्याने वाढतात. गोल्डफिश याच कुळातला. फरक इतकाच की आंध्रातला शेतकरी माशाला दाटीतून बाहेर काढतो. तुमच्या योजनेत पुढचं तळं नाही.

तुमचे दोन्ही मासे मी बहिणीकडून आणून दीडशे लिटरच्या टाकीत ठेवले. आधीपासून चालू असलेला फिल्टर, आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदल, बुडणारे दाणे, मधूनमधून उकडून सोललेला मटार. लहान होता तो दोन बोटांचा होता, वर्षभरात चार बोटांचा झाला. पाठीवरचा मळकट रंग जाऊन केशरी आला, आणि आता झाकण उघडलं की काचेला नाक लावतो. दुसरा तुमच्या बाउलांच्या रांगेत बराच काळ मुरलेला होता. डोळे मोठ्या माशाचे, अंग पिल्लाचं. एका बाजूचं कल्ल्याचं झाकण बाहेर मुडपलेलं, आतला लाल कल्ला उघडा दिसतो. पाठ शेपटीजवळ वाकलेली. तोही आता नीट खातो, तळाशी निपचित बसत नाही, वरच्या थरात हवेसाठी तोंड मारत नाही. पण लांबी नखभरच वाढली, आणि पाठ वाकडी ती वाकडीच. हाड एकदा वाकडं वाढलं की चांगल्या पाण्याने सरळ होत नाही.

बाउलातून वाचून मोठा झालेला मासा लोक काय करतात, तेही ऐका. जवळच्या तलावात सोडतात आणि पुण्य मिळालं म्हणतात. तुम्ही 'काच साफ करणारा' म्हणून विकता तो बोटभर सकर फूटभराच्या वर जातो. उजनीच्या धरणात तो आता मच्छीमारांच्या जाळ्यात येतो, देशी माशांच्या जागेवर. त्याला टाकीचं माप कुणी सांगितलं नव्हतं बहुतेक.

रोमने 2005 मध्ये गोल बाउलवर बंदीच घातली. तुमच्याकडून एवढी अपेक्षा नाही. प्रत्येक माशाच्या टाकीवर दोनच ओळींची चिठ्ठी लावा : पूर्ण वाढ इतके इंच, पाणी किमान इतके लिटर. फॅन्सी गोल्डफिशसाठी लिहायचं सहा ते आठ इंच आणि एकट्याला 75 लिटर. बाउल विकायचाच असेल तर त्यात मनी प्लांट लावून विका. आणि टाकी, फिल्टर, ॲन्टी-क्लोरीन यांत बाउलपेक्षा नफा जास्त आहे, हे तुम्हाला मी सांगायला नको.

वाचकांनो, घरी असा मासा असेल तर आधी त्याचं पाणी वाढवा. ते जमणार नसेल तर मोठी टाकी असणाऱ्याला देऊन टाका, पण तलावात सोडू नका.



आपला,
एक माजी गिऱ्हाईक