कोकणातला गुरू, हॉलिवूडचा चेला

हात पाहायला शिकण्यासाठी तीन गोष्टी लागतात: भिंग, पुस्तक आणि समोरच्याचा पडलेला चेहरा. चेहरा मिळाला की उरलेल्या दोन्हींवाचून अडत नाही.

या धंद्यातलं सर्वांत मोठं नाव किरो. जन्म १८६६, आयर्लंडमध्ये. मूळ नाव वॉर्नर. पुढे स्वतःच 'काउंट' झाला. मुंबईला उतरलो आणि कोकणातल्या जोशांकडे ही विद्या शिकलो, असं तो सांगे. (पुरावा? त्याचाच शब्द.) बांधावरच्या फणसासाठी सख्ख्या भावाला कोर्टात खेचणारी आमची माणसं घराण्याची विद्या एका परक्या गोऱ्याला देऊन टाकतात, हाच मला त्यातला खरा चमत्कार वाटतो. मग मार्क ट्वेननं त्याच्यापुढे हात धरला आणि १९३६ साली साहेब हॉलिवूडमध्ये वारले.

आता जोशांची विद्या आपण किरोच्या पुस्तकांच्या अनुवादातून, फुटपाथवर घासाघीस करून परत आणतो. आमच्या एका काकांनी निवृत्तीनंतर आणली. मस्तकरेषा, हृदयरेषा दोन दिवसांत झाल्या. शेजारणीच्या हातावर काका शुक्राच्या उंचवट्यापर्यंत पोचले आणि नेमक्या काकू बाहेर आल्या. तेव्हापासून काका फक्त दोन वाक्यं सांगतात. 'पैसा येतो, पण टिकत नाही.' 'तुम्ही सगळ्यांसाठी करता, पण जाण कुणालाच नाही.'

आजवर एकानंही नाही म्हटलेलं नाही. रविवारी दाराशी चपलांचा ढीग असतो. काकू चहा करून करून थकतात. स्वतःचा हात मात्र दाखवत नाहीत.