वार लावून पीएच.डी.

काशीला शिकायला गेलेल्या मराठी मुलाच्या पोटाची काळजी हा फार जुना विषय आहे. ब्रह्मघाट, दुर्गाघाट, पंचगंगा घाटाच्या बाजूला मराठी शास्त्र्यांची घरे होती. विद्यार्थी कोणी माधुकरी मागे, कोणी अन्नछत्रात पंगतीला बसे, कोणी वार लावून जेवे. कुठल्या वाराला आमटीत डाळ सापडते आणि कुठल्या वाराला नुसता रंग, हे ज्ञान न्यायशास्त्राच्या आधी पक्के होई.

आज काशीतल्या लंका भागातल्या सिंहद्वारातून आत शिरून बनारस हिंदू विद्यापीठात रसायनशास्त्रात पीएच.डी. करणारा लातूरचा मुलगाही एका अर्थी वारच लावतो. यजमान तेवढे बदलले. पहिला वार सीएसआयआरच्या फेलोशिपचा, दुसरा यूजीसीचा, एमएस्सीला पहिला आला असेल तर तिसरा ‘इन्स्पायर’चा. तिघांनीही दार लावून घेतले, तर गाईडच्या प्रोजेक्टमध्ये कुठे शिते शिल्लक आहेत का ते पाहायचे.

तशी या विद्यापीठाची उभारणीच मागून झालेली. १९१६ साली पायाभरणी झाली, पण त्याआधी आणि नंतरही मदनमोहन मालवीय झोळी घेऊन संस्थानिकांच्या दारोदार फिरत होते. हैदराबादच्या निजामाने देणगीऐवजी जोडा दिला आणि मालवीयांनी तो लिलावाला काढला, ही आख्यायिका इथल्या प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला चहाच्या पहिल्या कपाबरोबर ऐकवली जाते. खरी-खोटी तो जोडाच जाणे. पण फेलोशिपचा अर्ज भरणाऱ्याला त्यातून धीर येतो: संस्थापकांनाही एका फेरीत काम झाले नव्हते.

गंमत म्हणजे या विद्यापीठाचे कुलगीत लिहिणारे कवी रसायनाचे प्राध्यापक होते. शांतिस्वरूप भटनागर १९२१ ते १९२४ इथे शिकवत होते. पुढे १९४२ साली सीएसआयआर स्थापन झाली ती त्यांच्याच हातून. म्हणजे समारंभात ज्यांचे गीत उभे राहून म्हणायचे, त्यांच्याच संस्थेच्या पैशाची वाट नंतर बसून पाहायची.

मालवीयांच्याच बोलावण्यावरून १९३२ मध्ये कोल्हापूरचे विष्णू वासुदेव नारळीकर केंब्रिजहून परतून इथे गणिताचे प्राध्यापक झाले. त्यांचे चिरंजीव जयंतराव १९५७ साली याच विद्यापीठातून बीएस्सी झाले आणि जे. एन. टाटा शिष्यवृत्ती घेऊन केंब्रिजला गेले. प्राध्यापकाच्या घरातसुद्धा विलायतेचा खर्च पगारात बसवणे अवघडच. जमशेदजी टाटांनी ही योजना १८९२ मध्ये सुरू केली, आणि पहिल्या मानकऱ्यांत होत्या डॉ. कृष्णाबाई केळवकर, त्याही कोल्हापूरच्याच. जमशेदजी पारशी असले तरी व्यवहार चोख कोकणस्थी ठेवला होता: ही मदत कर्जाऊ असे. शिका, मोठे व्हा, आणि पैसे परत करा, म्हणजे पुढच्याला देता येतील.

आजची जेआरएफ, म्हणजे सीएसआयआर-यूजीसीची संशोधन फेलोशिप, परत करावी लागत नाही. गावाकडच्या आजोबांना नेमके हेच पटत नाही. २०१४ साली ती महिना २५,००० होती, २०१९ मध्ये ३१,००० झाली, २०२३ पासून ३७,००० आहे; दोन वर्षांनी समितीसमोर काम दाखवले की ४२,०००. दर वाढीच्या आधी देशभरच्या संशोधकांना रस्त्यावर उतरावे लागले, तो भाग निराळा. “सरकार एवढे पैसे देते आणि परत मागत नाही? मग तू तिथे करतोस तरी काय?” यावर ‘नॅनोकणांचे उत्प्रेरकी गुणधर्म’ असे उत्तर देऊन पाहावे. आजोबा फोन आजीकडे देतात.

पण ३७,००० मंजूर होणे आणि ३७,००० हातात पडणे यांच्यामध्ये पोर्टल नावाची वैतरणी आहे. यूजीसीच्या फेलोशिपमध्ये विद्यार्थी हजर आहे, जिवंत आहे आणि संशोधन करतो आहे, याची नोंद दर महिन्याला विद्यापीठाकडून जावी लागते. एक ‘मेकर’ ती भरतो, दुसरा ‘चेकर’ ती तपासतो. ही नावे वेदान्तातली वाटली तरी दोघेही टेबलामागे बसणारी माणसे आहेत, त्यांनाही रजा असते आणि मुलींची लग्ने असतात. कुठल्याही विद्यापीठात मेकर सुट्टीवरून येतो तेव्हा चेकर निघालेला असतो. शिवाय घरभाडे भत्ता हवा तर वसतिगृहात खोली मिळाली नसल्याचा दाखला आणायचा, आणि तो देणारे वसतिगृहाचेच ऑफिस.

ज्यांना नेट ही परीक्षा निघत नाही त्यांच्यासाठी नॉन-नेट फेलोशिप, महिना ८,०००. २०१५ साली तीही बंद करायचे घाटत होते, तेव्हा दिल्लीत यूजीसीच्या दाराशी विद्यार्थ्यांनी मुक्काम ठोकला होता.

एकाच प्रयोगशाळेत, एकाच फ्यूम हूडखाली, ३७,००० वाला आणि ८,००० वाला शेजारी उभे असतात. पहिल्याचे पाच महिने तुंबलेले असतात, म्हणजे कागदोपत्री तो १,८५,००० रुपयांचा धनी असतो. प्रत्यक्षात संध्याकाळी व्हीटीवर (मुंबईकरांनी दचकू नये, इथे व्हीटी म्हणजे आवारातले विश्वनाथ मंदिर) कोल्ड कॉफी पिऊन झाली की तो खिसे चाचपतो आणि ८,००० वाल्याकडे बघतो. ८,००० वाला पैसे काढतो, मोबाइलमधल्या वहीत आकडा मांडतो आणि न चुकता विचारतो, “चेकर आले का रे रजेवरून?”