मधलं रीळ

आमच्याकडे सिनेमा बघायला येणाऱ्याला दारातच सांगावं लागतं, की सिनेमा आहे, पण सगळा नाही.

डिजिटल आलं, नगर जिल्ह्यातल्या जत्रांमधले सिनेमाचे तंबू उठले आणि रिळांच्या पेट्या कुणाच्या पडवीत, कुणाच्या माळ्यावर जाऊन पडल्या. तिथून भंगारात. भंगारवाला मला त्या किलोवर देतो. त्याच्या लेखी किंमत पत्र्याच्या डब्याला, आतला सिनेमा फुकट. डबा उघडताना मला दर वेळी वाटतं, आपल्या नगरचे नट शाहू मोडक यांचा १९३२ चा ‘श्यामसुंदर’ निघेल. निघतो साबणाच्या जाहिरातीचा तुकडा, नाहीतर कुटुंबनियोजन.

सध्या आमच्या हॉलमध्ये एक तमाशापट जोरात आहे. डब्यावरची चिठ्ठी उंदरांनी खाल्ली, सुरुवातीची नावं कधीच फाटून गेली, त्यामुळे याचं नाव काय ते कुणालाच ठाऊक नाही. तीन रिळांपैकी मधलं नाही. पहिलं संपताना पाटील फेटा बांधून ऐटीत गाडीत बसतात. तिसरं लागतं तेव्हा दाढी वाढवून देवळाच्या पायरीवर. सोळा एमएमचं सोळाशे फुटांचं रीळ पाऊण तासाचं. तेवढ्यात माणूस एवढा कसा बुडाला?

“बाईपायी,” आत्या ठामपणे म्हणते. आईच्या मते बांधावरून भाऊबंदकी आणि मग कोर्टकचेरी. शेजारचे निवृत्त तलाठी नाना चहा बशीत ओतत म्हणतात, “सात-बाऱ्यावर सावकाराचं नाव चढलं असणार, मी लिहून देतो.” पुतण्याला वाटतं, पाटलांनी पाणी नसताना ऊस लावला. हा वाद रिळापेक्षा लांबतो. लावणीचा एक अंतराही गायब आहे. कुणा रसिक ऑपरेटरने कापून खिशात घातला असावा. त्या जोडावर फिल्म खट्‌कन उडी मारते आणि बाई बसल्या जागेवरून थेट दाराशी पोचते. आत्याला हेही संशयास्पद वाटतं.

आणि अर्धवटपणाची लाज तरी का वाटावी? दादासाहेब फाळक्यांचा १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ चार रिळांचा. पुण्याच्या चित्रपट संग्रहालयात त्यातलं पहिलं आणि शेवटचं एवढीच राहिली आहेत. तीही १९१७ साली फाळक्यांनी पुन्हा चित्रित केलेल्या सिनेमाची असावीत, असं बरेच अभ्यासक म्हणतात. म्हणजे हरिश्चंद्राचे मधले बरेचसे हाल वाचले! पण कुणाचं अडत नाही, कारण ती गोष्ट आपण कीर्तनात ऐकलेली असते. आमच्या पाटलांचं कीर्तन कुणी केलेलं नाही, म्हणून ते आम्हाला दर रविवारी करावं लागतं.

खरं सांगायचं तर मधलं रीळ सापडू नये असं मला वाटायला लागलंय. सापडलं तर नाना तरी हरतील, नाहीतर आत्या तरी, आणि दोघांनाही हरायची सवय नाही.

तुमच्या माळ्यावर असा डबा असेल तर उघडून वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर फिल्म सडू लागली आहे. थंड, कोरड्या जागी ठेवा आणि पुण्याला लॉ कॉलेज रोडवरच्या चित्रपट संग्रहालयाला कळवा. एकच रीळ आहे म्हणून किलोवर घालू नका.